इंजिन एक, पट अनेक : बुद्धिबळाच्या संगणकीय साधनांची ओळख

बुद्धिबळाच्या कोणत्याही संगणकीय साधनात तीन वस्तू एकत्र नांदतात. पहिली म्हणजे डोळ्यांना दिसणारा पट: चौसष्ट घरे, सोंगट्या, घड्याळ, बाण, बटणे. दुसरी म्हणजे पडद्यामागे बसून चाली मोजणारे इंजिन. तिसरी म्हणजे आधी खेळल्या गेलेल्या डावांचा साठा. बोलताना या तिन्हींना मिळून ‘ॲप’ किंवा ‘सॉफ्टवेअर’ म्हटले जाते आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात होते. एका ॲपचे इंजिन चांगले, दुसऱ्याचे कच्चे, अशी चर्चा रंगते. प्रत्यक्षात दोन्ही ॲपच्या पोटात बहुधा एकच इंजिन असते. फरक असतो तो पटाचा. इंजिनाने काढलेला निष्कर्ष खेळणाऱ्यासमोर कधी, किती आणि कोणत्या रूपात ठेवायचा, हे पट ठरवतो. त्यालाच तांत्रिक भाषेत इंटरफेस म्हणतात. पुढील विवेचनात ‘पट’ हा शब्द मुख्यतः याच अर्थाने येईल.

हे एकच इंजिन म्हणजे स्टॉकफिश. टॉर्ड रोमस्टॅड यांच्या ग्लाउरुंग या इंजिनावरून मार्को कोस्टाल्बा यांनी 2008 मध्ये ते सिद्ध केले आणि योना किस्की त्यांच्यासोबत होते. नाव ठेवण्यामागचा विचार कोकणातल्या वाचकाला चटकन उमगावा असा आहे. स्टॉकफिश म्हणजे नॉर्वेत वाळवला जाणारा कॉड मासा. आपल्याकडच्या सुक्या बोंबलांसारखाच तो पुढे दूरच्या स्वयंपाकघरांत जातो. इंजिनाचा कच्चा माल नॉर्वेचा आणि ते शिजले इटलीत, म्हणून हे नाव. ते पूर्णपणे मोफत आहे, त्याची संहिता खुली आहे, आणि सप्टेंबर 2020 च्या बाराव्या आवृत्तीपासून त्यात एनएनयूई हे छोटे न्यूरल नेटवर्क बसवलेले आहे. रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या बाजारपेठेत मिळणाऱ्या साध्या अँड्रॉइड फोनवरही ते जगज्जेत्यापेक्षा बलवान खेळते. म्हणजे ताकदीचा प्रश्न सुटलेला आहे. उरला आहे तो त्या ताकदीशी बोलायचे कसे, हा प्रश्न.

इंजिन आणि पट वेगळे होऊ शकले त्यामागे एक साधा करार आहे. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅमचा पट आणि त्याचा मेंदू एकत्र शिवलेले असत. एकाचा मेंदू काढून दुसऱ्या पटात घालता येत नसे. युनिक्सवर 1991 पासून एक्सबोर्ड आणि पुढे विंडोजवर विनबोर्ड आले. टिम मान यांनी अनेक वर्षे सांभाळलेल्या या प्रोग्रॅमांनी पट व इंजिन यांच्यात संदेशांची देवाणघेवाण सुरू केली. नोव्हेंबर 2000 मध्ये रुडॉल्फ ह्युबर आणि श्रेडर या इंजिनाचे कर्ते श्टेफान मायर-काहलेन यांनी यूसीआय हा नवा करार प्रसिद्ध केला. त्याची रीत अगदी सरळ आहे. पट इंजिनाला स्थिती कळवतो आणि शोध सुरू करायला सांगतो. इंजिन शोधता शोधता किती खोल गेलो, किती स्थिती पाहिल्या, सध्या कोणती चाल सर्वांत बरी वाटते, तिचे मूल्य किती, हे ओळीओळीने कळवत राहते. शेवटी एक चाल सांगून थांबते. इंजिनाकडून येते ते एवढेच. मूल्य दाखवणारा पांढरा-काळा पट्टा, रंगीत बाण, ‘ब्लंडर’चे लाल चिन्ह, शाबासकीचे शब्द यांतले काहीही इंजिन पाठवत नाही. ते सगळे पटाने रचलेले असते.

म्हणून पटांची तुलना करताना पहिला प्रश्न इंजिनाने सांगितलेल्या मूल्याचा येतो. हे मूल्य प्याद्याच्या शंभराव्या भागात मोजतात: अधिक 0.35 म्हणजे पांढऱ्याकडे साधारण एक तृतीयांश प्याद्याइतका वरचष्मा. डिसेंबर 2022 च्या 15.1 आवृत्तीपासून स्टॉकफिशने या आकड्याचा पाया बदलला. आता अधिक 1.00 म्हणजे तुल्यबळ इंजिनांच्या डावात ती बाजू जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के. त्यामुळे जुन्या पुस्तकातला ‘एका प्याद्याचा फायदा’ आणि आजच्या पडद्यावरचा 1.00 यांची सांगड थेट घालता येत नाही. आणखी एक बारीक अडचण चिन्हाची. यूसीआय करारानुसार इंजिन मूल्य सांगते ते ज्याची चाल आहे त्याच्या बाजूने. बहुतेक पट ते उलटवून नेहमी पांढऱ्याच्या बाजूने दाखवतात. काही जुन्या पटांत मात्र ते सेटिंगवर अवलंबून असते. काळ्याकडून खेळणारा मुलगा उणे 2 पाहून डाव गेला असे समजतो, आणि पट सांगत असतो की तो जिंकत आहे. नवीन प्रोग्रॅम उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तपासायची गोष्ट हीच: चाल काळ्याची ठेवून काळ्याचा वजीर उचलून बाजूला ठेवायचा आणि आकडा कोणत्या दिशेने पळतो ते पाहायचे.

आकडा बरोबर वाचला तरी तो कारण सांगत नाही. पांढरा राजा ई5 वर, पांढरे प्यादे ई4 वर आणि काळा राजा ई7 वर अशी स्थिती घ्यावी. पटावर दुसरे काही नाही. चाल पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत सुटतो. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. पडद्यावर पहिल्या वेळी 0.00 दिसते आणि दुसऱ्या वेळी भलामोठा आकडा. दोन आकड्यांमधली सगळी विद्या मात्र एका गोष्टीत आहे: दोन राजे एक घर सोडून समोरासमोर उभे असताना ज्याला हलावे लागते त्याला वाट सोडावी लागते. ही समोरासमोरची अडवणूक लाकडी पटावर दहा वेळा हाताने खेळून पाहिली की बोटांत बसते. आकड्याकडे पाहून ती कधीच कळत नाही. चांगला पट अशा जागी शिकणाऱ्याला आधी खेळू देतो आणि आकडा मागून दाखवतो.

याच्या उलटही घडते, म्हणजे आकडा दिसतो आणि तो चुकीचा असतो. पांढऱ्याकडे पांढऱ्या घरांचा उंट आणि एच स्तंभातले प्यादे, काळ्याचा राजा एच8 च्या कोपऱ्यात: सुमारे चार प्याद्यांच्या तोलाचे सैन्य जास्त असूनही डाव बरोबरीचा, कारण तो कोपरा काळ्या रंगाचा आहे आणि उंटाला तिथून राजाला हुसकावता येत नाही. जुनी इंजिने अशा वेळी बिनदिक्कत अधिक 3 किंवा 4 दाखवत. यावर उपाय म्हणून अंत्य डावांचे तयार कोठे बनवले गेले. रोनाल्ड डी मान यांची 2013 मधली सिझिजी पद्धत आज सर्वत्र वापरली जाते. पाच सोंगट्यांपर्यंतच्या सर्व स्थितींचे कोठे सुमारे 939 मेगाबाइटमध्ये मावते, म्हणजे ते फोनच्या मेमरी कार्डावरही राहते. सहा सोंगट्यांना सुमारे 150 गिगाबाइट लागतात, आणि 2018 मध्ये पूर्ण झालेल्या सात सोंगट्यांच्या कोठ्याला 17 टेराबाइटच्या आसपास. ते लिचेस या मोफत बुद्धिबळ-स्थळाच्या पटावर इंटरनेटवरून पाहता येते. दोन्ही राजांसह पाच सोंगट्या उरल्या की इंजिनाचा अंदाज संपतो आणि खात्रीचे उत्तर मिळते. महाडसारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्यात नेटवर्कचा भरवसा नसतो, तिथे हे एक गिगाबाइटचे कोठे फोनवर उतरवून ठेवणे कोणत्याही विकतच्या ॲपपेक्षा उपयोगाचे आहे.

पावसाळ्याचा हा मुद्दा तुलनेत मध्यभागी यायला हवा, कारण बुद्धिबळाच्या साधनांविषयी लिहिणारे बहुतेक जण सतत चालू असणारे इंटरनेट आणि वीज गृहीत धरतात. महाड आणि पोलादपूर हे रायगडचे आतले, सह्याद्रीला टेकलेले तालुके. सावित्रीचे खोरे, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, एका अंगाला वरंध घाट, दुसऱ्या अंगाला आंबेनळी, दक्षिणेला कशेडी. ढवळे, उमरठ, कुडपण अशी गावे डोंगराच्या कुशीत. तिथे फोनला रेंज कोणत्या कट्ट्यावर येते हे गावाला पाठ असते. जुलै 2021 मध्ये सावित्रीच्या पुरात महाड शहर बुडाले आणि तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा वीज आणि फोन दोन्ही तुटले होते. तशी आपत्ती रोजची नव्हे, पण तारेवर झाड पडून रात्रभर वीज जाणे ही दर पावसाळ्यातली गोष्ट आहे. आणि नेमके तेच महिने मुलांनी घरात बसून पट मांडायचे असतात. शालेय क्रीडा स्पर्धांत बुद्धिबळ आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी मुले पुढे जातात. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग पोलादपूरपासून रस्त्याने शंभर किलोमीटरहून दूर आहे. जवळपास प्रशिक्षक नसलेल्या मुलासाठी फोनवरचा पट हाच सोबती आणि तोच शिक्षक. तो कसा निवडायचा याला म्हणूनच वजन आहे.

बिननेटच्या पटांत अँड्रॉइडवर ड्रॉइडफिशचे नाव पहिले घ्यावे लागते. पीटर ऑस्टरलुंड यांचे हे मोफत ॲप दिसायला रूक्ष आहे. त्यात शाबासकी नाही, चित्रे नाहीत, जाहिराती नाहीत. स्टॉकफिश आत बसवलेले आहे आणि एकदा उतरवून घेतले की त्याला इंटरनेट लागत नाही. डावात पोटचाली, म्हणजे पर्यायी चालींच्या ओळी, घालता येतात, डाव फाइलमध्ये ठेवता आणि फाइलमधून वाचता येतात, सोंगट्या लपवून डोळे झाकून खेळण्याचा सराव करता येतो, आणि अंत्य डावांचे कोठे जोडता येते. विश्लेषणाची ओळ हवी तेव्हा लावता किंवा बंद करता येते. त्याचा मोठा दोष असा की नवख्याला सेटिंगांची यादी पाहूनच धडकी भरते आणि कोणती चाल का वाईट हे ते समजावत नाही. पण ज्याला स्वतः शोधायची सवय लावायची आहे त्याला या अबोल पटाचा फायदाच होतो.

इंजिन चालू ठेवले की फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. लोडशेडिंगच्या दिवसांत ही किरकोळ बाब राहत नाही. उपाय सोपा आहे. सामान्य खेळाडूचा डाव तपासायला काही सेकंदांचा शोध पुरतो. खोली 20 वर इंजिन थांबवले तरी शालेय डावातली कोणतीही घोडचूक त्याच्या नजरेतून सुटत नाही. एका वेळी पाच पर्याय दाखवायला लावले तर इंजिनाचे श्रम वाटले जातात आणि प्रत्येक पर्याय उथळ राहतो; दोन किंवा तीन ओळी पुरेशा.

इंटरनेट असेल तेव्हाचे चित्र वेगळे. तिथे दोन मोठी घराणी आहेत. चेस डॉट कॉम 2007 मध्ये एरिक ॲलेबेस्ट आणि जे सेव्हरसन यांनी सुरू केले. ती व्यापारी कंपनी आहे आणि 2022 मध्ये तिने मॅग्नस कार्लसनच्या नावाने चालणारा प्ले मॅग्नस समूहही विकत घेतला. लिचेस हे थिबो डुप्लेसी यांनी 2010 मध्ये फ्रान्समध्ये सुरू केलेले, देणग्यांवर चालणारे, जाहिरातमुक्त आणि संपूर्ण मोफत स्थळ. खेळणाऱ्यांची गर्दी, स्पर्धा, कोडी दोन्हीकडे आहेत. फरक विश्लेषणाच्या पटात दिसतो. चेस डॉट कॉमवर डाव संपताच परीक्षणाचे बटण पुढे येते. प्रत्येक चालीला ‘ब्रिलियंट’पासून ‘ब्लंडर’पर्यंत एक बिल्ला लागतो आणि शब्दांत थोडे स्पष्टीकरण मिळते. फुकट खात्याला या परीक्षणाची मर्यादा आहे. लिचेसवर चुकांचे फक्त तीन वर्ग आहेत, आणि ते प्याद्यांच्या आकड्यापेक्षा जिंकण्याची शक्यता किती घसरली यावर ठरतात. त्यामुळे आधीच हरलेल्या डावात आणखी एक घोडा गेला तरी पट उगाच आरडाओरडा करत नाही.

बिल्ल्यांचा मोह समजण्यासारखा आहे. बारा वर्षांच्या मुलीला ‘ब्रिलियंट’ दिसले की तिचा चेहरा खुलतो आणि ती आणखी एक डाव मांडते. खेळाची गोडी लागायला त्याचा उपयोग होतो हे मान्य करावे लागते. अडचण नंतर येते. बिल्ला मिळाला की चौकशी थांबते. ती चाल का चांगली होती, प्रतिस्पर्ध्याकडे काय उत्तर होते, हे पाहायचे राहून जाते. या बाबतीत लिचेसची ‘चुकांमधून शिका’ ही सोय अधिक शहाणपणाची आहे. पट खेळाडूच्या चुकीच्या चालीपाशी थांबतो, उत्तर लपवतो आणि बरी चाल शोधायला सांगतो. सापडली तरच पुढे जातो. इंजिन तेच, आकडेही तेच; फक्त सांगण्याचा क्रम उलटा. एवढ्याने प्रेक्षकाचा विद्यार्थी होतो.

खेळण्याच्या पटाचे प्रश्न निराळे आहेत. स्पर्धेत लाकडी पटावर हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते; पडद्यावर उचललेली सोंगटी परत तिच्या घरी सोडता येते. फोनच्या छोट्या पडद्यावर अंगठा शेजारच्या घरावर सरकतो आणि वजीर फुकट जातो. म्हणून सोंगटी ओढून नेण्याऐवजी आधी सोंगटीवर आणि मग घरावर टिचकी मारण्याची सवय फोनवर सुरक्षित. दोन्ही मोठ्या स्थळांवर ती सोय आहे आणि चाल पक्की करण्यापूर्वी विचारण्याची सोयही लावता येते. जलद डावांत आधीच चाल देऊन ठेवण्याची युक्ती चालते. लिचेसवर अशा चालीला वेळ लागतच नाही, चेस डॉट कॉमवर सेकंदाचा दहावा भाग कापला जातो. क्षुल्लक वाटणारा हा फरक शेवटच्या तीन सेकंदांत डाव फिरवतो. नेटवर्कच्या दिरंगाईची मर्यादित भरपाई लिचेस घड्याळावर देते, पण रेंज पूर्ण गेली तर थोड्या वेळाने समोरच्याला विजय मागता येतो.

म्हणूनच डोंगरातल्या गावांसाठी पत्रव्यवहाराच्या पद्धतीचे डाव अधिक सोयीचे आहेत. त्यांत एका चालीला एक ते चौदा दिवसांपर्यंत मुदत असते. पूर्वी पोस्टकार्डावर डाव चालत, तेच हे नव्या रूपात. रेंजच्या कट्ट्यावर जाऊन दिवसातून एकदा चाल टाकायची, समोरच्याची चाल वहीत उतरवून घ्यायची आणि घरी लाकडी पटावर मांडून विचार करायचा. या स्थळांवर अशा डावांत प्रारंभिक चालींची पुस्तके पाहायला मुभा आहे, इंजिनाला बंदी आहे. एक संपूर्ण डाव साठवायला एक-दोन किलोबाइटपेक्षा जास्त जागा लागत नाही, म्हणजे कमकुवत टू-जी जोडणीलाही तो जड नाही. डेटा खाऊन टाकतात ते व्हिडिओ आणि जाहिराती.

प्रतिस्पर्धी म्हणून संगणक घ्यायचा झाला तर कमी ताकदीचे इंजिन कसे बनवले आहे हे पाहावे. स्टॉकफिशची ताकद उतरवली की ते बहुतेक चाली उत्तम खेळते आणि मधूनच अनाकलनीय घोडचूक करते. माणूस तसा खेळत नाही. 2020 मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह बनवलेले माइया हे इंजिन लिचेसवरील माणसांच्या लाखो डावांवर शिकवलेले आहे, 1100 ते 1900 अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर. ते त्या पातळीचा माणूस जशी चूक करील तशी चूक करते. लुकास चेस या स्पॅनिश, मोफत प्रोग्रॅममध्ये असे अनेक प्रतिस्पर्धी एकत्र ठेवले आहेत, शिवाय खेळता खेळता चूक झाली की थांबवणारा शिक्षकही आहे. शाळेत जुना विंडोज संगणक धूळ खात पडला असेल तर त्यावर घालायला याच्याइतका योग्य प्रोग्रॅम दुसरा नाही. एक सूचना मात्र हवी: त्याच्या मेनूंचे जंगल मोठे आहे. शिक्षकाने आधी चार-पाच वाटा स्वतः पाडून ठेवाव्यात.

आता साठ्यांकडे. संगणक येण्यापूर्वी डावांचा अभ्यास म्हणजे वही, मासिकांची कात्रणे आणि लाकडी पट. 1955 मध्ये एलुरूला झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्यासह मिळवले ते याच पद्धतीच्या अभ्यासावर. 1974 मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली आणि पुढची अनेक वर्षे तो किताब जयश्री, रोहिणी, वासंती या बहिणींच्या घराबाहेर फारसा गेला नाही. त्याही काळात अर्धवट थांबलेला डाव रात्री जागून हाताने तपासावा लागे. चांगले इंजिन सर्वांना मिळू लागल्यावर डाव असा रात्रभर थांबवण्याची पद्धतच 1990 च्या दशकात मोडीत निघाली.

हॅम्बुर्गच्या चेसबेस कंपनीने वहीची जागा घेतली. मात्थियास व्युलेनवेबर आणि फ्रेडरिक फ्रीडेल यांनी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात अटारी एसटी या संगणकासाठी ते काम सुरू केले. प्रतिस्पर्ध्याचे सगळे डाव काही सेकंदांत समोर येऊ लागले आणि स्पर्धेच्या तयारीचा अर्थच बदलला. आज त्यांच्या मोठ्या साठ्यात एक कोटीहून अधिक डाव आहेत. एखादी स्थिती कोणकोणत्या डावांत आली, तिथून कोण काय खेळले, कोणाला किती यश आले, हे झाडाच्या फांद्यांसारखे उलगडते. भारतात सागर शहा आणि अमृता मोकल यांच्या चेसबेस इंडियाने या साधनांची ओळख घराघरांत नेली. नाशिकचा विदित गुजराथी किंवा 2025 मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख ज्या पातळीवर खेळतात, तिथे असा साठा हे रोजचे हत्यार आहे. मात्र तो प्रोग्रॅम विंडोजवरच चालतो, हजारो रुपयांना मिळतो, आणि त्याचे डाव त्याच्या खास स्वरूपाच्या फायलींत राहतात. तालुका पातळीच्या खेळाडूने त्यासाठी घरखर्चाला हात लावण्याचे कारण नाही.

मोफत पर्याय भक्कम आहेत. शेन हडसन यांनी 1999 च्या सुमारास बनवलेला स्किड आणि त्यातून निघालेला स्किड व्हर्सेस पीसी हे लाखो डाव लीलया हाताळतात. त्यांचा चेहरा जुना आहे, खिडक्या आणि कप्पे यांची गर्दी आहे, पण जुन्या संगणकावर ते वेगाने चालतात. मार्टिन ब्लूम यांचा अरेना इंजिनांच्या लढती लावण्यासाठी वर्षानुवर्षे लोकप्रिय होता. अलीकडचा एन क्रॉइसां डाव साठवण्याचे आणि तपासण्याचे काम नव्या, नेटक्या रूपात करतो. भरायचे डावही फुकट मिळतात: मार्क क्राउदर 1994 पासून दर आठवड्याच्या स्पर्धांचे डाव ‘द वीक इन चेस’मध्ये देत आले आहेत, आणि लिचेस आपले सगळे रेटेड डाव दर महिन्याला कोणालाही उतरवून घेऊ देते.

हे सारे एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेता येते ते पीजीएन या लेखनपद्धतीमुळे. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात ती ठरवली. डावाच्या आधी सात नोंदी सक्तीच्या: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढऱ्याचे नाव, काळ्याचे नाव, निकाल. मग चाली, साध्या अक्षरांत. ती कोणत्याही फोनवर वाचता येते, व्हॉट्सॲपवर पाठवता येते. मूळ नियमांत मात्र अक्षरे युरोपीय होती. देवनागरीला त्यांत जागा नव्हती. नवे पट देवनागरी नाव आणि टिपणे व्यवस्थित दाखवतात, काही जुन्या प्रोग्रॅमांत त्यांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे येतात. म्हणून खेळाडूचे नाव रोमन अक्षरांत आणि टिपणे मराठीत ठेवणे हा व्यवहार्य तोडगा आहे. डाव ज्या पटावर खेळला वा तपासला त्यातून पीजीएन बाहेर काढता येते का, हा निवडीचा एक कठोर निकष मानावा. फोन पाण्यात गेला तरी मेलमध्ये ठेवलेली फाइल राहते.

भाषेचा प्रश्न इथेच संपत नाही. घरात राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादे शिकलेल्या मुलाला पडद्यावर हत्तीच्या जागी बुरूज दिसतो आणि उंटाच्या जागी टोपी, कारण सोंगट्यांचा तो घाट 1849 मध्ये लंडनमध्ये विक्रीला आलेल्या स्टाँटन संचाचा आहे. चालींच्या यादीतली इंग्रजी आद्याक्षरे आणखी एक पायरी वाढवतात. चांगल्या पटांत अक्षरांऐवजी सोंगटीचे चित्र दाखवण्याची सोय असते. लहान मुलांसाठी ती पहिल्याच दिवशी लावून द्यावी. लिचेसचा पट मराठीतही उपलब्ध आहे, आणि इंग्रजीला बिचकणाऱ्या घरांत त्याने बराच फरक पडतो. जुन्या पिढीकडून देशी पद्धत शिकलेल्यांची अडचण आणखी वेगळी. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे, राजाला एकदा घोड्याची अडीच घरे, बढती मिळालेल्या प्याद्याने त्या स्तंभाची सोंगटी व्हायचे, हे नियम नेहमीचा पट स्वीकारत नाही आणि का स्वीकारत नाही हेही सांगत नाही. आजोबांनी शिकवलेले चुकीचे, असा मुलाचा समज होतो. ती एक वेगळी आणि जुनी परंपरा आहे, एवढे मोठ्यांनी सांगायला हवे. फेअरी-स्टॉकफिश नावाच्या इंजिनात वेगळ्या नियमांचे खेळ मांडता येतात. कोणी त्यावर देशी पद्धत बसवून मराठी पट केला तर ते मोलाचे काम होईल.

एक तुलना शेवटी लाकडी पटाशीच करावी लागते. फक्त पडद्यावर वाढलेला खेळाडू स्पर्धेच्या टेबलावर बसला की त्याला कर्ण ओळखू येत नाहीत; वरून पाहिलेला सपाट पट आणि समोर बसून तिरका दिसणारा पट यांची नजर वेगळी असते. पडद्यावरची पायवाट म्हणजे शेवटच्या चालीची रंगीत घरे, सोंगटी उचलताच दिसणारे ठिपके, हे सगळे तिथे नसते. चाली स्वतः लिहाव्या लागतात. म्हणून ठिपके आणि रंगीत घरे दाखवणे बंद करता येते का, हेही पट निवडताना पाहायचे; लिचेसवर ते सेटिंगमध्ये करता येते. स्पर्धेहून आल्यावर चालींच्या नोंदपत्रकातला डाव फोनवर भरायला दहा मिनिटे लागतात. त्याआधी तोच डाव फोन बाजूला ठेवून लाकडी पटावर एकदा खेळायचा, जिथे शंका आली तिथे पेन्सिलीने खूण करायची, आणि मग इंजिन लावून आधी त्या खुणांपाशी थांबायचे. खूण न केलेल्या ठिकाणी पट लाल दाखवत असेल तर ती जागा वहीत वेगळी लिहायची, कारण खेळाडूला जी चूक चूक म्हणून दिसलीच नव्हती ती तिथे असते. या कामाला वीज लागते ती केवळ शेवटच्या थोड्या वेळापुरती.